चातुर्मासातला शुक्रवार

यतीनच्या तळपायाची आग मस्तकात जायची ती दर शुक्रवारी, साडेपाचच्या सुमारास. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या ऑफिसातून सगळे तडक पबमध्ये जात आणि तिथे राउंडची रीत. एकाने सगळ्यांसाठी बिअरचे पाइंट आणायचे, मग दुसऱ्याने. चौघं असले की चार पाइंट ठरलेलेच, आणि मधेच उठणारा चिकट. यतीनला तर एकावर थांबताच येत नसे. शुक्रवारचं पिणं रविवारपर्यंत लांबायचं. सोमवारी तारवटलेल्या डोळ्यांनी उशिरा आल्याबद्दल मॅनेजरने त्याला दोनदा लेखी ताकीद दिली होती. तिसऱ्यांदा उशीर झाला की नोकरी जाणार, आणि तिच्या मागोमाग व्हिसा.

नको म्हणून पाहिलं नव्हतं असं नाही. पण ‘एकाने काय होतंय?’ म्हणत ऑफिसातला हरीश गळ्यात पडायचा, आणि त्याच ऑफिसातला यतीनचा फ्लॅटमेट नकुल त्याला साथ द्यायचा. जुलैअखेर श्रावण लागला. यतीनने जन्मात श्रावण पाळला नव्हता. तरी ‘श्रावण आहे’ एवढं तो पुटपुटला मात्र, हरीश स्वतः उठून त्याच्यासाठी ऑरेंज ज्यूस घेऊन आला. वर आपली बिअर त्यात उडू नये म्हणून ग्लास लांब सरकवला. पुढचे चार सोमवार यतीन नऊच्या ठोक्याला जागेवर होता.

श्रावण संपला तेव्हा त्याने ठोकून दिलं की यंदा उरलेला चातुर्मासही पाळतोय. तेही खपलं असतं. पण सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी गप्पांच्या नादात यतीनसाहेबांनी हरीशच्या प्लेटमधली चिकन विंग उचलली आणि चवीने खाल्ली. हाडूक हातात असतानाच पितळ उघडं पडलं. हरीश पोट धरून हसला, आणि पाइंट आणून त्याच्यासमोर ठेवला.

यतीनला हसू आलं नाही. त्याला रडावंसं वाटत होतं, आणि ग्लास भिंतीवर फेकावासाही.

“देवाचं नाव घेतलं की ऐकता,” तो म्हणाला. “मी तीन महिने नको म्हणतोय, ते कुणाला ऐकू येत नाही. अजून एक सोमवार लेट झालो तर जॉब जाईल. मला एकावर थांबता येत नाही रे.”

हरीश ओशाळला. एवढं सीरियस आहे तर आधी सांगायचं ना, म्हणाला. त्यावर यतीन आणखीच चिडला. नुसतं नको म्हणणं पुरत का नाही, हे त्याला कोणी सांगत नव्हतं.

पुढचा राउंड नकुलचा होता. तो यतीनपुढचा पाइंट उचलून बारवर गेला आणि आला तो दोन ऑरेंज ज्यूस घेऊन. हरीशने विचारलं, आता तुला काय झालं?

“मला काही नाही झालं,” यतीनशेजारी खुर्ची ओढत नकुल म्हणाला. “हा एकटाच किती दिवस असा बसेल?”