कान्हा स्मृती करंडक

शिरवण्यातल्या गणपती मंडळाची वादविवाद स्पर्धा दरवर्षी यशोदाबाईंच्या नवऱ्याच्या नावानं व्हायची. सैन्यात नाईक असलेला कान्हा अठ्ठ्याऐंशी साली शांतिसेनेत, श्रीलंकेत कामी आला. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची यशोदाबाईंची. करंडक द्यायचा, फोटो काढायचा, पेढा घेऊन घरी यायचं.

यंदाचा विषय होता, शेजारच्या देशात भारतानं सैन्य पाठवावं का. विरोधी बाजूनं त्यांची नात स्नेहल उभी राहिली आणि तिनं फाइलीतून एक निळं आंतरदेशीय पत्र काढलं. यशोदाबाईंनी ते लांबूनच ओळखलं. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांखाली, अशी दोन पत्रं होती.

स्नेहलनं आजोबांचं पत्र वाचलं. 'ज्यांना आमी तांदूल वाटला, तेच आता आमच्यावर गोल्या झाडतान. आमी हितं कशाला हाव, कोनी सांगंना. माजी पंधरा वरसं भरली. तू हो बोललीस तं पेन्शनच्या कागदावर सही करून घरा येतो.'

"ते आले नाहीत," ती म्हणाली. "बासष्टला हरलेला देश पुढची कित्येक वर्षं आपण भित्रे नाही एवढंच दाखवत बसला. त्याची किंमत माझ्या आजोबांनी दिली."

बासष्ट. कान्हाचा बाप चीनच्या कैदेतून जिवंत परतला, तर मरेपर्यंत त्याचं नाव पडलं 'हातवर'. यशोदाबाई सून होऊन आल्या, तेव्हा विहिरीवर बायका त्यांना दोन्ही हात वर करून दाखवायच्या आणि हसायच्या. म्हणून त्यांनी कान्हाला उत्तर धाडलं होतं, 'बापासारखा येशील तं घरात घेनार नाय.' ते उत्तर त्याच्या सामानासोबत परत आलं. घडीवर चिरा पडल्या होत्या, इतक्यांदा उघडलेलं.

स्नेहलनं ते वाचलं नाही. टाळ्या पडल्या. यशोदाबाईंनी श्वास सोडला. पोरगी पहिली आली, आता वाशीच्या फायनलला जाणार.

"आजी, जरा हसा की," फोटोवाला म्हणाला.

करंडक धरता धरता स्नेहल हसत त्यांच्या कानाशी वाकली. "दुसरं पत्र पण वाचलंय मी. तेच जास्त स्ट्राँग आहे. वाशीच्या फायनलला ठेवलंय."

"बाय, लोकं काय बोलतील मना?"

"आजोबांना पण हेच विचारलं होतंस ना तू? समोर बघ, कॅमेऱ्यात."

तिनं करंडक ओढून घेतला आणि डोक्यावर धरला. फोटोत यशोदाबाईंचे दोन्ही हात रिकामे, खांद्यांपर्यंत वर आलेले आहेत.