आमचं एक घर धरा

तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले, तेव्हापासून माझा आवाज मलाच भारी आवडायला लागलाय! त्यामुळं किराणावाले वीरप्पा अण्णा ओट्यावर येऊन म्हणाले, "सरू, सोमवारी दूध संस्थेच्या सभेत तू बोलायचं," तेव्हा विषय न विचारताच मी हो म्हणून बसले.

विषय शेजारच्या जाईमावशी आणि शिवम्माचा होता.

दोघी कैक वर्षं एकत्र राहतात. दुष्काळी कामावर सोबत खडी फोडतात, एका चुलीवर भाकरी करतात आणि भांडल्या तर अख्ख्या गल्लीला कळतं. लोक पाठीमागं हसायचे, पण खपवून घ्यायचे. यंदा संस्थेनं म्हशी द्यायचं काढलं. अट अशी, की घरात सांभाळायला दोन मोठी माणसं पाहिजेत. जाईमावशी सरळ जाऊन म्हणाली, "आमचं एक घर धरा. जसं तुमचं जोडपं, तसं आमचं."

झालं! हसणं बंद. अण्णांच्या दुकानात रोज बैठक. गिरणीत, भजनात, हळदीकुंकवाला एकच बोलणं, "आज म्हैस मागतायत, उद्या पोरीबाळींना नादी लावतील." अर्ज फेटाळायचा आणि दोघींना गावाबाहेर काढायचं, असा ठराव ठरला.

"आमी बोललो तर लोक म्हणतील, म्हशीवर डोळा हाय," अण्णा म्हणाले. "पोरीच्या तोंडून आलं म्हंजे आयाबाया हात वर करतील."

मी अंगणात तयारी करत होते. "आम्हा लेकींचं रक्षण करा!"

"लई वर खेचू नको, सरू. घसा बसंल," भिंतीपलीकडून जाईमावशी म्हणाली. मी पार ओशाळले. ती भिंतीशी आली. "पर आमच्यापासून कशाचं रक्षण गं? खरंच इचारते."

मी हातातला भाषणाचा कागद पुढून-मागून चाळला.

"लेकराला कशाला छळती? ये आत," शिवम्मा आतून ओरडली.

रात्री जेवायला बसलो. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, म्हणाले, "मी न्हाय बोलणार."

दादा हळूच म्हणाले, "पाण्याच्या टँकरची रांग अण्णा लावतात. समजतंय का?"

सोमवारी देवळाच्या मंडपात सभा भरली. त्या दोघी खांबाशी बसल्या होत्या. त्यांच्या भोवती बैलगाडी मावेल एवढी जागा रिकामी. मी उभी राहिले आणि भाषणाचा कागद खाली ठेवला.

"अध्यक्ष महाशय, मला रक्षण मागायला उभं केलंय. पण ह्या दोघींनी माझं काय बिघडवलं, ते मला सापडेना. कुणाला माहीत असंल तर सांगा. मी तेच बोलते."

कुणीतरी खोकलं.

"खाली बस!" अण्णा कडाडले. "हात वर करा!"

हात वर गेले. लई गेले. दादांचासुद्धा. आईचे हात मात्र पदराखालीच राहिले.

"अर्ज फेटाळला," अध्यक्ष ज्ञानोबाकाका घाम पुसत म्हणाले. "गाव सोडायचं पुढच्या सोमवारी बघू."

जाईमावशी उठली. "पुढच्या सोमवारी बी आमी दोघी मिळूनच येऊ," म्हणाली, आणि शिवम्माला हात देऊन उठवलं.

सकाळी टँकर आला. अण्णांच्या माणसानं आमची घागर रांगेतून उचलली आणि पार शेवटी, जाईमावशीच्या घागरीमागं ठेवली. आई तिथंच जाऊन उभी राहिली. मीही गेले. पुढं एकेक घागर भरत होती आणि पाइपाची धार बारीक होत चालली होती.