एकदाच वाजलेलं टक्

मित्रांनो, मी एक जुनी निळी मोटार आहे. निळी म्हणजे मुळातली निळी. आता टपावरचा रंग उन्हाने पार उडाला आहे आणि डावा दरवाजा दुसऱ्या गाडीचा बसवल्यामुळे पांढरा आहे. तरी माझी तक्रार नाही. माझं सगळं आयुष्य कामात गेलं.

कारखान्यातून निघाले ती थेट काकांच्या दारात आले. काका रस्त्यांची मोजणी करायचे. दुर्बीण, तिचं तीन पायांचं तिकाटणं, लाल-पांढऱ्या काठ्या असा संसार माझ्या टपावर बांधून आम्ही दोघं हिंडायचो. जिथे रस्ता अजून व्हायचा होता, तिथेही मी जाऊन आले. रविवारी काका बाह्या सरसावून मला धूत आणि चाकांच्या खाचांत अडकलेले खडे एकेक करून काढत.

पुढे काकांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिसला न्यावं लागे. काकूंना गाडी चालवता येत नव्हती. वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्या शिकल्या. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला फाटकाच्या खांबावर नेऊन आपटलं. पांढरा दरवाजा आला तो तेव्हा. शेजारी बसलेले काका काय म्हणाले असतील? "घाई नको गं. रस्ता कुठे पळून जात नाही. मीच मोजलाय तो!" काकू रडता रडता हसल्या.

सहा वर्षं आम्ही तिघं दवाखान्याची वाट तुडवत होतो. परतताना काका थकून मागच्या सीटवर उशी घेऊन आडवे होत आणि काकू खड्ड्यांपाशी मला अगदी हलक्या हाताने नेत. मला धुवायला मात्र कुणाला सवड नसे. बॉनेट उघडलं जायचं ते पाणी भरण्यापुरतं.

मग एका सोमवारी सकाळी काकूंनी चावी फिरवली आणि माझ्या पोटातून फक्त 'टक्' एवढाच आवाज आला. पुन्हा चावी, पुन्हा टक्. दिवे लख्ख लागले, भोंगाही खणखणीत वाजला, पण इंजिन काही हलेना. माझं मलाच कळेना, मला झालंय तरी काय. त्या दिवशी शेजाऱ्यांच्या गाडीतून काका दवाखान्यात गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या शेजाऱ्यांना कामावर जायला उशीर झाला, म्हणून काकू संध्याकाळपर्यंत ओशाळलेल्या होत्या.

काकूंचा पुतण्या मदतीला आला. त्याने नवी बॅटरी आणून बसवली. टक्. मग तो वैतागला. "काकू, स्टार्टर गेलाय. आणि खरं सांगू का, हिच्यात आता राम राहिला नाही. बुधवारी दुपारी भंगारवाला येईल, देऊन टाक."

 पण बुधवारी सकाळी काकू पलीकडच्या गल्लीतल्या मिस्त्रींकडे गेल्या. आयुष्यभर घणाच्या आणि इंजिनांच्या आवाजात राहून मिस्त्रींचे कान गेले होते. 'ज्याला ऐकू येत नाही तो गाडीचा आजार काय ओळखणार', म्हणून लोकांनी त्यांच्याकडे जाणंच सोडलं होतं.

मिस्त्री आले. काकूंच्या ओठांकडे निरखून बघत त्यांनी विचारलं, "वहिनी, आवाज कसा येतो? एकदाच, की टकटकटक असा?"

काकूंनी त्यांच्या मनगटावर बोट एकदाच टेकवलं.

"एकदाच. आणि दिवे? मंद होतात?"

काकूंनी मान हलवली. नाही.

"मग बॅटरीला उगाच बोल लावलात." त्यांनी मला न्यूट्रलमध्ये टाकलं, हँडब्रेक ओढला आणि हात खाली घालून स्टार्टरवर तळवा ठेवला. "फिरवा चावी!" टक्. ते ऐकण्याऐवजी मिस्त्रींनी ते हाताने टिपलं. मग त्यांचा हात इंजिनाकडून माझ्या सांगाड्याकडे जाणाऱ्या एका चपट्या पट्टीवर आला आणि चटका बसावा तसा मागे आला.

"ही बघा, तापलीय! वीज स्टार्टरपर्यंत पोचते, पण परतीची वाट बंद."

पट्टीचा बोल्ट गंजून तांबूस झाला होता. बाजूला उभा असलेला पुतण्या म्हणाला, "एवढ्याशा पट्टीने?" मिस्त्रींना ते ऐकू गेलं नाही, की त्यांनी न ऐकल्यासारखं केलं, देव जाणे. त्यांनी एक जाड तार घेतली. तिचं एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूला आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला धरलं. "आता फिरवा."

मित्रांनो, मी धडधडून उठले! काकूंनी दोन्ही हात तोंडावर धरले. काका खिडकीतून ओरडले, "चालू झाली! अगं, चालू झाली!"

मिस्त्रींना तेही ऐकू आलं नाही. बॉनेटवर हात ठेवून ते डोळे मिटून उभे होते आणि गालातल्या गालात हसत होते.

मग इंजिन बंद करून त्यांनी गंज घासून काढला, नवी पट्टी घट्ट आवळली. दुपारी भंगारवाला आला तेव्हा दारात गाडी नव्हती. आम्ही तिघं दवाखान्यात होतो. पुढच्या आठवड्यात पुतण्या स्वतःची मोटारसायकल ढकलत मिस्त्रींकडे गेला. बिघाड सांगण्यासाठी त्याने आधी त्यांचं मनगट धरलं.

माझं आता एवढंच मागणं आहे. घरातली गाडी असो, पंखा असो, शिवणयंत्र असो; कधीतरी झाकण उघडून बघा, सांधे पुसा, सैल झालेलं आवळा. आणि एखाद्या दिवशी ते अडून बसलंच, तर टाकून देण्याआधी घटकाभर त्याच्याजवळ थांबा. नेमकं काय दुखतंय, ते हात लावून बघा.