दुपट्टे कमी पडले

सुभद्राबाईंचं उन्हाशी वैर होतं, आणि ते त्यांनी लेकीपायी धरलं होतं. बाळापूरजवळच्या गावात राहून उन्हाशी वैर धरायचं म्हणजे रोजचीच कटकट, पण बाई हटणाऱ्या नव्हत्या. त्या स्वतः गोऱ्या. ही गोष्ट त्या आपणहून कुणाला सांगत नसत, फक्त समोरच्याला दिसेल अशा उजेडात बसत. एकुलती एक आरती मात्र रंगानं बापावर गेली, आणि बाप म्हणजे महादेवराव, जन्मभर उन्हातान्हात कपाशीच्या धुऱ्यावर उभा राहिलेला माणूस. मग हळद झाली, साय झाली, मसुराच्या डाळीचं पीठ झालं. शाळेत जायला लागल्यापासून पोरगी डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय घराबाहेर पडली नाही. एवढं करून आरती होती तेवढीच सावळी राहिली. घरात दुपट्ट्यांची पेटी तेवढी भरली.

अशा बाईच्या पोटची पोर अकोल्याला शेतीचं मोठं शिक्षण घ्यायला गेली, जठारपेठेत खोली करून राहिली, आणि एका रविवारी ट्यूबलाइटसारख्या नळ्या घेऊन घरी आली. त्या म्हणे घरच्या पॉलिहाऊसमध्ये टमाट्यांवर टांगायच्या आणि झाडांना वरून ऊन द्यायचं.

महादेवरावांनी आधी लेकीकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

"अकोला जिल्ह्यात ऊन इकत आणून राहिली तू?"

आरतीनं समजावून सांगितलं. पॉलिहाऊसचा प्लास्टिकचा कागद उन्हातला एक भाग आत येऊच देत नाही. अतिनील किरण म्हणतात त्यांना. डोळ्यांना दिसत नाहीत, पण कातडी रापते ती त्यांच्यामुळेच. ते मिळाले नाहीत की झाडं उगाच उंच वाढतात, मऊ पडतात. नळ्यांनी रोज थोडे थोडे दिले तर झाड बुटकं राहतं, खोड जाड होतं, पान गर्द होतं, फळही बहुधा चांगलं उतरतं. तिला तेच पाहायचं होतं. एका ओळीवर नळ्या टांगायच्या, शेजारची ओळ तशीच ठेवायची, आणि शेवटी दोन्हींतला फरक मोजायचा.

"थोडं लागते, बाबा," ती म्हणाली. "जास्त झालं तं जळते, पण थोडं लागतेच."

महादेवरावांनी तिला एक हंगाम दिला. फरक दिसला तर पुढं शिक, नाही दिसला तर पॉलिहाऊसमध्ये काकडी लागेल आणि अमरावतीच्या स्थळाला होकार जाईल. अमरावतीच्या लोकांनी आरतीचा फोटो पाहून, उन्हात काढलेला दिसतो, दुसरा पाठवा, असा निरोप धाडला होता. तेव्हापासून सुभद्राबाई दुसऱ्या फोटोच्या विवंचनेत होत्या, आणि अमरावतीचं नाव काढलं की आरती ताटावरून उठत होती.

दिवाळीनंतर रोपं लागली. आरती घरी यायची ती रविवारी. बाकीचे दिवस राखण सुभद्राबाईंकडे. काम काही नव्हतंच. नळ्या दुपारी आपोआप लागत, आपोआप विझत. तेवढ्या वेळात आत कुणी जायचं नाही, गेलंच तर अंगभर कपडा आणि काळा चष्मा लावून. आरतीनं आणलेल्या चष्म्यांपैकी एक महादेवरावांना इतका आवडला की ते तो लावून बाळापूरच्या बाजाराला जाऊ लागले.

माणसानं चष्म्याशिवाय जायचं नाही आणि रोपं मात्र खाली उघडी, हे सुभद्राबाईंना काही पटेना. थोड्याच दिवसांत नळ्यांखालच्या रोपांची पानं आखडली, काळपट दिसायला लागली. शेजारची ओळ कशी लुसलुशीत, आणि ही बिचारी रापलेली. फोनवर आरती म्हणाली की असंच व्हायचं असतं. लेकरू कितीही शिकलं तरी लेकरूच, असं मनाशी म्हणत बाईंनी दुपट्ट्यांची पेटी उघडली.

दुसऱ्या दिवसापासून, नळ्या लागायच्या आधी, दोन-दोन रोपांत मिळून एक दुपट्टा पडू लागला. नळ्या विझल्या की तो काढायचा, झटकायचा, घडी घालून ठेवायचा. रोपांना ऊन मिळूच नये असा बाईंचा मुळीच हेतू नव्हता. आरतीला दुपट्ट्यातून मिळतच होतं की. झाडं वाढली तसे दुपट्टे वरच्या तारेला चिमट्यांनी अडकवावे लागले, आणि ती ओळ म्हणजे तोंडं बांधून बसची वाट पाहणाऱ्या कॉलेजच्या पोरी वाटू लागली. पेटी रिकामी झाली तेव्हा दारामागची चार झाडं तेवढी उघडी राहिली. रविवारी सगळ्यांनाच सुट्टी असायची, कारण रविवारी आरती घरी असे आणि तिच्या जिवाला उगाच घोर नको.

झाडं अशी फोफावली की बाईंना स्वतःचं कौतुक वाटू लागलं. आरती मात्र दर रविवारी टेप लावून झाडं मोजायची आणि दर रविवारी तिचा चेहरा उतरायचा. शिवरात्रीच्या सुमारास फळं लाल झाली आणि पोरगी रडकुंडीला आली.

"काहीच फरक नाई, आई. दोन्ही ओळी सारख्याच. उद्या सर येऊन राहिले, काय दाखवू त्यायले?"

सुभद्राबाईंचा पिठातला हात पिठातच राहिला. झाडं चांगली यावीत म्हणून हा सगळा खटाटोप आहे, असं त्या आजवर धरून चालल्या होत्या. खटाटोप फरकासाठी होता. आणि तो फरक त्या रोज दुपारी स्वतःच्या हातानं झाकत होत्या. सांगावं असं तोंडापर्यंत आलं, पण पोरीचे भरलेले डोळे पाहून त्यांची जीभ रेटेना.

सुगत सर दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. आरतीचं संशोधन त्यांच्या हाताखाली चाललं होतं. माणूस मितभाषी, त्यामुळे धास्ती जास्त. महादेवराव काळा चष्मा लावूनच सामोरे गेले. सरांनी दोन्ही ओळींतून सावकाश फेरी मारली, पानं उलटी करून पाहिली, खोडं चिमटीत धरून पाहिली. परत फिरताना त्यांनी दार ओढलं, तेव्हा त्यामागची चार झाडं त्यांना दिसली. बुटकी, ठसठशीत, जाड खोडाची, काळ्याशार पानांची.

ही चारच वेगळी का, असं त्यांनी विचारलं. आरती चाचरत म्हणाली की ती कडेची झाडं, कडेची झाडं मोजणीत धरत नाहीत, म्हणून तिनं लक्ष दिलं नाही. सरांनी मान हलवली. एकाच ओळीत एवढा फरक म्हणजे पाणी तरी वेगळं गेलं असणार, नाहीतर खत. एवढीही काळजी घेता येत नसेल तर ही मोजणी कशाला करायची, असं म्हणून त्यांनी पेन खिशाला लावलं. महादेवरावांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. काकडीचं बी कुठून आणायचं याचा विचार त्यांच्या तोंडावर सरळ दिसत होता. आरती खाली पाहत उभी होती.

आपल्या लेकीला लोक सावळी म्हणतात हे सुभद्राबाईंनी ऐकून घेतलं होतं. निष्काळजी म्हटलेलं मात्र त्यांना सोसलं नाही.

"पाणी एकच हाये, साहेब," त्या म्हणाल्या. "खतबी एकच. दुपट्टे कमी पडले."

कुणालाच काही कळलं नाही. मग बाईंनी घरातून दुपट्ट्यांचं गाठोडं आणलं, एक दुपट्टा काढला, झाडावर टाकला, तारेला चिमटे लावले आणि खाली मान घालून उभ्या राहिल्या. आरतीनं कपाळाला हात लावला.

"रोज झाकता?" सरांनी विचारलं.

"रोज. रयवार सोडून. रयवारी आरती घरी राह्यते न."

सरांना आधी ठसका लागला. मग ते तारेला धरून असे हसले की ओळभर टमाटे हलले. हसणं ओसरल्यावर ते आरतीला म्हणाले की हे काम खरं असंच करायला हवं होतं. नळ्या दोन्ही ओळींवर, आणि एका ओळीवर फक्त तेवढेच किरण अडवणारा पारदर्शक कागद. दुपट्ट्यानं साधा उजेडही अडतो, म्हणून यंदाचं मोजमाप गेलं. पण ही चार झाडं काहीतरी सांगताहेत, आणखी एक हंगाम मिळाला तर ते नीट पाहता येईल.

हंगाम द्यायचा की नाही हे महादेवरावांच्या हातात होतं. त्यांनी दारामागचा एक टमाटा तोडला, सदऱ्याला पुसला, खाल्ला. मग दुपट्ट्याखालचा एक खाल्ला. मग पुन्हा दारामागचा. शेवटी चष्मा परत डोळ्यांवर चढवून ते म्हणाले, "अमरावतीवाल्यायले कळवून देतो, पोरगी आखीन एक साल उन्हातच राहीन."

सर गेल्यावर आरती दुपट्ट्यांच्या घड्या करत बसली. सुभद्राबाई चहा घेऊन आल्या तेव्हा तिनं वर न बघताच विचारलं, "हेच चार झाडं काहून सोडले?"

पेटी दारापाशी संपली असं सांगून सुटता आलं असतं. पण बाईंना त्या दिवशी खोटं बोलण्याचा कंटाळा आला होता.

"ते आधीच सगळ्यायहून काळे पडले होते. मनलं, आता यायले झाकून काय फायदा."

बोलल्या आणि आपलंच बोलणं त्यांच्या कानांवर आलं. आरती नुसती त्या चार झाडांकडे बघत राहिली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं सुभद्राबाईंना वाटलं. त्यांना मनापासून लाज वाटली.

दुपारी आरती अकोल्याच्या बससाठी निघाली. सवयीनं तिनं तोंडाला दुपट्टा गुंडाळला होता, नुसते डोळे दिसत होते. सुभद्राबाई तिच्या मागोमाग अंगणात आल्या. हातात महादेवरावांचा फोन होता, आणि तो उलटा धरला होता.

"थांब जराशी. अमरावतीले दुसरा फोटो पाठवाचा हाये न. आन् तो दुपट्टा काढ."

आरतीनं फोन सुलटा करून आईच्या हातात दिला. "ऊन हाये, आई."

"असू दे," सुभद्राबाई म्हणाल्या. "थोडं लागते."