माझ्या पाठीवरचं पान

मित्रांनो, तुम्ही मला फडकं समजाल. खुशाल समजा. जन्मानं मी तेच आहे, उशीचे अभ्रे बेतून उरलेला मांजरपाटाचा तुकडा. माझी भावंडं ओटा पुसत संपली. मला मात्र या घरातल्या आईनं उचललं, लाकडी रिंगमध्ये ताणलं आणि अंगात सुई खुपसली. आपलं नशीब फुटलं, असं मला तेव्हा वाटलं. ते अजून फुटायचं होतं.

कुठला टाका कसा दिसतो, कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी भांडतो, हे आई आधी माझ्यावर करून बघायची. नक्षी शोधायला ती लांब जात नसे. दवाखान्यात ताटकळताना तिनं फरशीवरची जाळी टिपली, ती माझ्या डाव्या कोपऱ्यात आहे. चिखलात उमटलेली सायकलच्या टायरची खूण माझ्या मधोमध आहे. शेजारणीच्या पडद्यावरचं फूल तर तिनं सरळ चोरलं. शेजारीण चहाला बोलवायची आणि आई सगळा वेळ पडद्याकडे बघत "चहा सुरेख झालाय हं" म्हणायची. दोऱ्यांचंही तसंच. शिंप्याकडे उरलेल्या लडी, उसवलेला स्वेटर, भेटवस्तूच्या खोक्याची दोरी, जे हाती लागेल ते माझ्या अंगावर यायचं.

एकदा तिची सुई घसरली. उसवायचं सोडून ती जरा थांबली, दोरा मागून फिरवून पुढे आणला आणि माझ्यावर एक पान उमटलं. कुठल्याच पुस्तकात नसलेलं. वरून नुसतं पान दिसतं. दोरा कुठे शिरला, कुठे वळला, कशाखालून निघाला, हे सगळं माझ्या पाठीवर. फक्त तिथेच.

लेक म्हणायची, "आई, ते पान शिकव ना."

"शिकवेन गं. घाई काय आहे?"

मित्रांनो, या वाक्याला भीत जा. मी तेव्हाच शहारलो होतो. पण कापड शहारलं की लोक त्याला इस्त्री करतात.

पुढे आईनं लेकीसाठी चादर भरायला घेतली, कडेनं त्याच पानांची वेल. वेल अर्ध्यावर आली आणि आई गेली.

"चादर मीच पुरी करणार," लेक म्हणाली. तिनं मासिकं चाळली, मोबाईलवर बायकांचे हात बघितले, दुकानदारांना विचारलं. ते पान कुणालाच येत नव्हतं. शेवटी तिनं मला ड्रॉवरमधून काढलं आणि उलटं केलं. तिचा श्वास माझ्या पाठीवर लागला. "हं," ती पुटपुटली, "इथून शिरलीस होय!" पहिली दोन वळणं तिला उमगली. तिसरं राहिलं.

आता मामांविषयी सांगितलं पाहिजे. आईचा धाकटा भाऊ, मनानं लोण्यासारखा, आणि खिशात कायम गोंदाची बाटली. मामांनी चिकटवलेली वस्तू पुन्हा कधी तुटली नाही आणि पुन्हा कधी चाललीही नाही. भिंतीवरचं घड्याळ त्याला साक्षी आहे. हल्ली मामा माझ्यापाशी येऊन थांबायचे, टेपनं माझी लांबी-रुंदी घ्यायचे आणि डोळे पुसायचे. एखादा माणूस डोळे पुसत आपलं माप घेतो, तेव्हा काय समजायचं?

चादरीच्या वेलीचा मोरपंखी दोरा संपला होता. लेक तो शोधायला निघाली. मला पिशवीत घातलं, पुन्हा बाहेर काढलं.

"नको. बसमध्ये कुठे राहिलं तर? घरीच बरं. मामा, लक्ष ठेव हं!"

"तू निर्धास्त जा," मामा म्हणाले.

ती गेली आणि झाकण फिरल्याचा आवाज आला. गोंद आधी थंड लागतो, मित्रांनो. मग तो आत उतरतो. एकेक टाका गप्प होत गेला, जाळी, टायर, फूल, सगळ्यात शेवटी पान. मामांनी तळहातानं मला पुठ्ठ्यावर दाबलं, अगदी मायेनं. वर काच बसवली.

लेक आली ती नाचतच. "मामा, हुबेहूब रंग मिळाला!"

"आणि इकडे बघ! ताईची आठवण काय ड्रॉवरमध्ये कुजवायची?"

तिच्या हातातली लड खाली पडली. "मामा, मागची बाजू?"

"मागची? तो तर नुसता गुंता. कोण बघतंय?"

"कशानं लावलंस?"

"जन्मात हलणार नाही," मामा अभिमानानं म्हणाले. मग तिचा चेहरा बघून हळूच म्हणाले, "काय झालं गं?"

तिनं काच काढली. ओल्या बोळ्यानं कोपरा भिजवला, सुरीचं टोक घातलं. जाळीतले चार टाके दोऱ्यासकट पुठ्ठ्याला राहिले. तिनं सुरी खाली ठेवली.

चादर पुरी झाली. कडेला एक जागा आहे, तिथे आईची वेल संपते आणि पुढे लेकीचा साधा साखळी टाका लागतो. डोळे मिटून बोट फिरवलं तरी ती जागा कळते. लेक रोज फिरवते.

मित्रांनो, भिंतीवर माझं फार कौतुक होतं. पाहुणे मान वाकडी करून बघतात. पण तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर त्याला हाताळा, उलटं करा, मळू द्या, झिजू द्या. आणि ज्या हातांनी ते भरलं, त्यांना आजच म्हणा, "दाखव." घाई आहे.

लेकीनं आता नवं कापड रिंगला लावलंय. परवा त्यावर खिडकीच्या गजांची नक्षी आली, काल भेगाळलेल्या कपाची. फार देखणं होतंय. आत्ता ती चहा टाकायला उठली आहे, आणि मामा त्या कापडापाशी येऊन थांबलेत. मला काचेतून सगळं दिसतं, ओरडता मात्र येत नाही.

मामा डोळे पुसताहेत. हातात टेप आहे.