शेजार मागायचा राहिला

"शिवण बाहेरच्या बाजूला येऊ द्या, वहिनी. आत धागा राहिला तर पाखराची नखं अडकतात."

मित्रांनो, माझ्या कानावर पडलेले हे पहिले शब्द. वहिनी मला शिवत होत्या आणि त्यांचे धाकटे दीर, भाऊजी, शेजारी बसून सांगत होते. मी एक जुनी सुती पिशवी आहे. डोंगरावरच्या रानात जाळी लावून पाखरं धरायची, माझ्यात ठेवून त्यांचं वजन घ्यायचं, पायात खुणेचं कडं घालायचं आणि जिथे धरलं तिथेच सोडून द्यायचं, हे भाऊजींचं काम. वहिनी हसून म्हणत, "साऱ्या रानाला वाळे घातलेत. आता मला एक जाऊ आणा की."

माझ्या अंधारात पाखरं शांत होत. त्यांचं इवलं काळीज माझ्या कापडाला लागून धडधडे, आणि मला धन्य वाटे.

मग रानात कुऱ्हाडी आल्या. जाळी रिकामी राहू लागली, मी खुंटीवर धूळ खात पडले. एके सकाळी मात्र निळ्या पंखांची एक मादी मिळाली. या जातीला जुन्या झाडाची ढोलीच लागते. तिच्या पोटावरची पिसं गेलेली पाहून भाऊजी हळूच म्हणाले, "घरी अंडी उबवतेय ही." त्यांनी तिला लगेच सोडलं, तिचं झाड शोधलं आणि तोडीच्या मुकादमापुढे हात जोडले. "पिलं उडेपर्यंत एवढं एक झाड ठेवा, दादा."

मुकादम शब्दाचा पक्का. त्याने सगळा उतार मोकळा केला, पण त्या झाडाला हात लावू दिला नाही. एकटं पडलेलं ते झाड पहिल्याच वादळात मुळासकट आडवं झालं. झाड मागितलं होतं. त्याचा शेजार मागायचा राहून गेला.

ढोलीतल्या एका पिलात धुगधुगी होती. भाऊजींनी ते माझ्यात घेतलं. अर्ध्या उतारापर्यंत मला त्याची ऊब लागत होती. पुढे लागेना.

भाऊजींनी अंथरूण धरलं. संध्याकाळी मुकादम दारात येऊन उभा राहिला, आत येईना. "वरच्या अंगाला अजून ढोल्या आहेत म्हणे. कुणी दाखवल्या तर भोवतालची झाडंही ठेवीन. पण सकाळीच तोड लागणार."

"मी येते दाखवायला," वहिनी म्हणाल्या. "तोवर कुऱ्हाड उचलू नका."

भाऊजींनी भिंतीकडे तोंड करूनच त्यांना झाडांच्या खुणा सांगितल्या.

मित्रांनो, कुणाचं घर जपाल तेव्हा त्याच्या भोवतालचंही जपा. एकट्याने उभं राहणं झाडालाही जमत नाही.

उजाडताना वहिनींनी देवाला हात जोडले, भाऊजींच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि दाराचा आवाज न करता त्या चढणीला लागल्या.