सावलीतलं पान

निवृत्त हेडक्लार्क चिंतामणीरावांनी करपलेल्या कॅलेथियाच्या शोभेच्या झाडाची कुंडी नर्सरीवाल्या अनिसाच्या टेबलावर आदळली आणि ते नर्सरीच्या हिरव्या जाळीखाली, तिच्याच खुर्चीत ऐसपैस बसले.

"कागदासारखं पातळ पान! असला नाजूक माल गळ्यात मारलात?"

अनिसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. देतानाच तिनं तीनदा बजावलं होतं, सावलीतलं झाड हाय, ऊन लागू देऊ नका. "कुटं ठेवलं होतं?"

"गच्चीवर. आमच्या उजनीकाठी केळी भर उन्हात वाढतात. एवढं रुंद पान बघून म्हटलं, हेही तसलंच."

चोर तो चोर, वर शिरजोर!

"केळीला ऊन लागतं, साहेब. ह्याचं घर म्हंजे दाट जंगल. तितं उंच झाडांखाली चिमूटभर उजेड पोचतो. तो गोळा करायला ह्यानं पान रुंद केलं, गडद केलं. तेवढ्या उजेडावर जाड पान पोसणं परवडत न्हाय, म्हणून पातळ ठेवलं. पिढ्यान्‌पिढ्या कमावलेलं कसब हाय ते, आणि तुमी त्यालाच खोट म्हणता? सोलापूरचा एप्रिल, त्यात गच्ची!"

"अहो, झाडच ते. म्हटलं, होईल हळूहळू उन्हाची सवय."

अनिसानं चिंतामणीरावांना उठायला लावलं, खुर्ची उचलली आणि जाळीबाहेर, तापलेल्या फरशीवर नेऊन ठेवली.

"बसा की," ती म्हणाली. "होईल हळूहळू सवय."